सहा दिवसांचा खंड

जिजा घाबरली आहे असं नायगावच्या खाडीकडच्या वाडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाप मिठागरावर कामाला होता आणि पोरगी उन्हाची, खाऱ्या पाण्याची. लग्न करून आली ती पायाला चिरा घेऊनच. एका वर्षी भरतीच्या पाण्याने बांध फोडला आणि भाताच्या शेतात खाडी शिरली, तेव्हा मांडीभर चिखलात उभं राहून तिने पुरुषांच्या बरोबरीने माती टाकली होती. त्या वेळी भूपेश तिच्या पोटात होता. शेजारचा लुईस ही गोष्ट अजून सांगतो आणि शेवटी म्हणतो, "त्या दिवशी भरती जिजावैनीला बघून परत गेली."

साठी ओलांडल्यावर मात्र तिला भीती कळली. ती आली एका औषधाच्या डब्यातून.

तिचा नवरा जयराम हा त्या बाजूचा मोटरवाला. शेती होतीच, पण विहिरीवरचे पंप दुरुस्त करावेत ते जयरामनेच. पंपाचा आवाज लांबून ऐकून तो सांगायचा, "फुटबॉल चोकलाय, काढा नि साफ करा." फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, फूट-व्हॉल्व्ह. या माणसाने एके दिवशी स्वतःच्याच विहिरीपाशी उभं राहून विचारलं, "ही कोनाची विहीर?" जिजा हसली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती हसली नाही.

मग वर्षभराने, दिवाळीच्या आधी, तो खाडीत उतरला. ओहोटी होती म्हणून वाचला. छातीपर्यंत चिखलात रुतलेल्या जयरामला लुईसने आणि कोळ्यांच्या दोन पोरांनी दोरी टाकून काढलं. तेव्हा भूपेशने बोरिवलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हा बरा होत नाही हेही सांगितलं, आणि एक कॅप्सूल सुरू केली. सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. आधी अगदी कमी ताकदीची, काही आठवड्यांनी तिच्यापेक्षा जास्त, मग आणखी जास्त. औषध आजाराला थांबवणार नव्हतं, फार तर थोडे दिवस त्याला दारात अडवून धरणार होतं.

जिजाला तेवढंही पुष्कळ वाटलं, कारण तिसऱ्या महिन्यात जयराम तिला पुन्हा नावाने हाक मारू लागला. सगळ्याच वेळी नाही. पण सकाळी भाकरीचा वास आला की ओटीवरून म्हणायचा, "जिजा, झाली का?" त्या तीन शब्दांसाठी ती पहाटे चूल पेटवायची.

भूपेशला हे पटत नव्हतं असं नाही. पण तो बायको दिपिकासोबत विरारच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचा, अंधेरीला नोकरी करायचा आणि दर रविवारी येऊन आठवड्याची औषधं देऊन जायचा. चिखलाच्या त्या दिवशी त्याने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आई, आणखी एकदा काही झालं तर मी बाबांना घेऊन जाईन. दार बंद ठेवता येतं तिथे. दिपिका आहे, बाई ठेवू."

"आनि मी?"

"तूही ये ना."

पण ते दोन खोल्यांचं घर जिजाने पाहिलं होतं. तिथे जयराम गेला होता तेव्हा दिवसभर गॅलरीचे गज धरून उभा होता आणि जेवायला बस म्हटलं तर विचारत होता, "घरी कधी जायचं?" तिने मनाशी ठरवलं की आणखी एकदा काही होऊच द्यायचं नाही. आणि झालं तरी भूपेशला कळू द्यायचं नाही. हे दुसरं वाक्य तिने ठरवलं नव्हतं. ते पहिल्याच्या मागोमाग आपोआप आलं.

दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, औषधाचा डबा जागेवर नव्हता.

पांढरा प्लॅस्टिकचा डबा, देवळीत घड्याळाशेजारी ठेवलेला. भूपेशने आदल्याच दिवशी त्यात नवी पाकिटं भरली होती. जिजाने देवळी पाहिली, मांडणी पाहिली, तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. अंथरुणं झटकली. जयराम ओटीवर बसून तिच्याकडे कौतुकाने बघत होता.

"अवो, डबा कुठं ठेवलाव?"

"कंचा डबा?"

"औषधाचा. पांढरा."

जयरामने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चोर येतात गो. मी नीट ठेवलाय."

"कुठं?"

"नीट," तो म्हणाला, आणि समाधानाने मान हलवली.

त्या क्षणी ती विरारला फोन करू शकली असती. घरात फोन होता, भूपेशनेच बसवून दिलेला. ती त्याच्यापाशी गेलीसुद्धा. पण हातात घेतलेला फोन तिने परत ठेवला. डबा कुठे जाणार, संध्याकाळपर्यंत मिळेलच, असं तिला वाटलं. मंगळवारीही तिला तसंच वाटलं. बुधवारी मात्र वेगळी अडचण उभी राहिली. आता फोन केला तर भूपेश विचारणार, "तीन दिवस तू काय करत होतीस?" जितके दिवस जात होते तितका तो फोन जड होत होता.

गुरुवारी संध्याकाळी ती त्याला भात कालवून भरवत होती, तेव्हा जयरामने तिचा हात हळूच बाजूला केला आणि अनोळखी बाईशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुमी कोनाच्या?"

जिजाने ताट खाली ठेवलं. विहिरीत डोकावल्यावर तळ दिसू नये तसं तिला झालं. डबा सापडला नाही तर हा माणूस तिच्यापासून कायमचा निघून जाणार, आणि सापडला नाही हे कळलं तर भूपेश त्याला घेऊन जाणार. दोन्हीकडून जाणार तोच होता.

रविवारी पहाटे साडेपाचला वीज आली. त्या दिवसापासून विहिरीच्या पाण्याची पाळी तिची होती. विहीर जयरामची आणि लुईसची समाईक; एक आठवडा यांची केळी, एक आठवडा त्यांची. जिजा मोटरच्या खोलीत गेली, स्टार्टरचं बटण दाबायला हात लावला, आणि तिला पेटीच्या मागे, भिंतीच्या फटीत, काहीतरी पांढरं दिसलं.

डबा तिथे होता. फडक्यात गुंडाळून, वर तारेचा वेढा घालून, जयरामने सगळं आयुष्य आपली मोलाची हत्यारं जिथे ठेवली तिथेच त्याने तो नीट ठेवला होता.

मोटर लावायची विसरून जिजा तिथेच खाली बसली. पाकिटांतली एकही कॅप्सूल हललेली नव्हती. सहा दिवसांच्या बारा. आणि दहा वाजता भूपेश येणार, डबा उघडणार, पाकिटं हातात घेणार.

आता काय करायचं याचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. ते तिच्या हातांना ठाऊक होतं. विजेच्या खोळंब्याने पाण्याची एक पाळी चुकली तर केळी मान टाकते; मग पुढच्या पाळीला पाटात दुप्पट पाणी सोडायचं. एकदम सगळं नाही, मुळं कुजतात. दुप्पट, दोनचार पाळ्या, की बाग पुन्हा उभी राहते. चाळीस वर्षं तिने हेच केलं होतं आणि चाळीस वर्षं ते बरोबर ठरलं होतं. बारा कॅप्सूल एकदम द्यायला ती काही वेडी नव्हती. प्रत्येक वेळेला एक जास्त, बारा वेळा, की भरपाई झाली. जयरामचंही भलं, आणि पाकिटंही दोन दिवसांत जरा बरी दिसतील. भूपेशला दिसू नयेत म्हणून आजच्यापुरती काही पाकिटं तांदळाच्या पिंपात राहू देत.

तिला स्वतःच्या शहाणपणाचं बरंही वाटलं. आणि घाईही होती. भाकरीचं पीठ मळायला वेळ नव्हता, म्हणून काळा चहा केला, जयरामच्या हातात कप दिला, आणि तळहातावर दोन कॅप्सूल ठेवून म्हणाली, "घ्या."

"दोन?" जयराम म्हणाला. त्याला आकडे अजून कळायचे.

"आज रविवार हाय," ती म्हणाली.

हे उत्तर त्याला पटलं.

साडेआठच्या सुमाराला त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. तिने पदराने पुसली, पुन्हा गळली. कपाळावर, मानेवर घाम फुटला. फेब्रुवारीतल्या त्या गार सकाळी सदरा भिजून पाठीला चिकटला. मग उलटी झाली. आधी चहा, मग पिवळं पाणी, मग काहीच नाही, पण शरीर थांबेना. त्याला कपडेही आवरता येईनात. जिजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याचे हात तिला गार लागत होते. मासळीबाजारात बर्फावरून उचललेल्या माशासारखे गार. तिने छातीवर कान ठेवला. एक ठोका आला. ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. तो आला, पण इतक्या उशिरा, की मधल्या वेळात ती विधवा होऊन परत आल्यासारखी झाली.

भूपेश दहाऐवजी साडेनऊलाच आला. हातातली पिशवी त्याने दारातच टाकली.

"काय झालं? काल काय खाल्लं?"

"जवला," जिजा म्हणाली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. काल जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोलंबीची, चटणीच होती.

लुईस चर्चमधून नुकताच परतला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याने शर्टाची पर्वा न करता जयरामला उचललं आणि केळीच्या टेम्पोत, गोणपाटांवर, निजवलं. गाडी चालू करता करता म्हणाला, "जवला तर मीच दिलेला, वैनी. आमी पन सगल्यांनी खाल्ला. माझी सासू पंच्याऐंशीची, तिने दोनदा घेतला. ती सकाली मिस्साला सगल्यात मोठ्याने गात होती."

जिजा मागे जयरामचं डोकं धरून बसली होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

वसईच्या रुग्णालयात रविवारी एकच तरुण डॉक्टर होती, क्षितिजा नावाची. चष्मा, केसांची घट्ट वेणी, बोलणं भरभर पण हात हळू. तिने नाडी धरून घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला चाळीस. सलाईन लावलं, ईसीजी काढला, आणि विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?"

भूपेशने खिशातून चिठ्ठी आणि नवं पाकीट काढलं. डॉक्टरने नाव वाचलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. "यानेही असं होऊ शकतं. काही जास्त गेलंय का? किंवा मध्ये खंड पडला होता का?"

"छे," भूपेश म्हणाला. "चार महिने चालू आहे. आई देते. एकही चुकलेली नाही. आई चुकवत नाही."

जिजा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं. पण भूपेशचा स्वर इतका ठाम होता की डॉक्टरने मान हलवली.

"मग हृदयाचाच प्रश्न असेल. मुंबईत बेड मिळतो का बघते. ठोका मंद पडतोय, कदाचित पेसमेकरचं यंत्र बसवावं लागेल. नेहमीच्या औषधांचं मी येऊन सांगते." तेवढ्यात खालून तिला बोलावणं आलं, महामार्गावर अपघात झाला होता. सिस्टरला दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायला सांगून ती गेली.

दुपार सरली. उलट्या थांबल्या. जयराम डोळे मिटून पडला होता, ओठ कोरडे, आणि खाटेपाशी सिस्टर येऊन मनगट धरून जायची. दर वेळी जिजा तिच्या चेहऱ्याकडे बघायची आणि दर वेळी तो चेहरा तिला काही सांगायचा नाही. मुंबईला नेतील. छाती उघडतील. आत यंत्र ठेवतील. आणि हे सगळं होईल कशासाठी, तर तिच्या दोन कॅप्सूलसाठी. खरं काय ते तिच्या जिभेवर चारदा आलं. पण प्रत्येक वेळी तिला ते गॅलरीचे गज दिसले, आणि गजांमागे जयराम.

सहाला दहा मिनिटं असताना भूपेश बाहेरून पेज घेऊन आला. जयरामने दोन चमचे घेतले आणि ते पोटात राहिले. भूपेशला हायसं वाटलं. त्याने पाकीट काढून एक कॅप्सूल सुटी केली आणि आईच्या तळहातावर ठेवली.

"डॉक्टर येऊ दे की," जिजा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"त्या अजून खाली आहेत. वेळ चुकायला नको. या औषधात खंड पडू द्यायचा नाही, बोरिवलीचे डॉक्टर दर वेळी बजावतात. पेजेबरोबर दे. तुझ्याच हातून घेतात ते."

कॅप्सूल हलकी होती. पानावरच्या किड्याइतकी हलकी. जयरामने डोळे उघडले, तिचा हात पुढे आलेला पाहिला आणि सवयीने तोंड उघडलं. काही न विचारता.

जिजाने मूठ मिटली.

"यांना नको," ती म्हणाली. "भूपेश, यांना नको देऊ. मी सकाली दोन दिल्या."

"काय?"

"दोन दिल्या. त्याच्याआधी सहा दिवस एकपन नाय. डबा यांनी मोटरच्या खोलीत लपवलेला. मला गावला नाय. तुला सांगितलं नाय मी." ती थांबली नाही, थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे तिला कळत होतं. "भरून काढायला दोन दिल्या. उपाशीपोटी. नुसत्या चहावर. मुंबईला नको नेऊ यांना, छाती नको उघडू. ते माझ्यामुलं झालंय."

भूपेश वळला आणि जवळजवळ पळत जिना उतरला.

डॉक्टर आली ती हातमोजे काढत काढत. ती रागावली नाही. नक्की सहा दिवस ना, सकाळी किती वाजता, त्यानंतर आणखी काही दिलं का, एवढंच विचारलं. जिजाने एकेक उत्तर दिलं. डॉक्टरने बोरिवलीला फोन लावला, बोलली, परत आली. सलाईनमधून एक इंजेक्शन दिलं आणि नाडी धरून उभी राहिली.

"अठ्ठेचाळीस," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "चढतेय. मुंबईचं सध्या थांबवू. रात्रभर लक्ष ठेवू."

मग ती जिजाशेजारी बाकावर बसली.

"आजी, या औषधाची शरीराला हळूहळू सवय लावावी लागते. म्हणून तर त्यांनी लहानापासून वाढवत नेलं. सहा दिवसांत ती सवय मोडली. मोडल्यावर एकदम पहिल्याइतकी ताकद सोसत नाही, आणि तुम्ही तर दुप्पट दिली. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की पुढची द्यायचीच नाही, आधी डॉक्टरांना फोन. ते पुन्हा सगळ्यात लहानापासून सुरू करतील. आणि राहिलेली कधी भरून काढायची नाही. राहिली ती राहिली."

"आनि ही दिली असती तर?" जिजाने मूठ उघडली. कॅप्सूल घामाने चिकट झाली होती.

डॉक्टरने ती उचलून घेतली. "ते नका विचारू," ती म्हणाली.

भूपेश खिडकीपाशी पाठ करून उभा होता. डॉक्टर गेल्यावरही वळला नाही. जिजा वाट बघत होती. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"त्यांनी मला सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "बोरिवलीच्या डॉक्टरांनी. पहिल्याच दिवशी. खंड पडला तर परस्पर सुरू करू नका, फोन करा. तू बाहेर बाबांना वजनकाट्यावर धरून उभी होतीस. मी म्हटलं, आईला काय सांगायचं, आई कुठे चुकवते."

जिजाने तेच विचारलं जे सहा दिवस विचारायला भीत होती.

"नेशील ना आता यांना?"

भूपेशने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही. पण तू मला सांगितलंच नाहीस, तर मला तिथे झोप कशी लागेल?"

जयराम झोपेत कण्हला. दोघंही एकदम खाटेकडे धावली.

चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं, वाडीतल्याच घरी. भूपेशने आठवडाभर रजा घेतली. पुढचं मे महिन्यात ठरवू, म्हणाला. त्या मे महिन्याची भीती जिजाला तशीच राहिली. बोरिवलीच्या डॉक्टरांनी काही दिवस सगळं बंद ठेवून औषध पुन्हा दीड मिलिग्रॅमपासून सुरू केलं. डबा आता देवळीत नव्हता, तिच्या कमरेला किल्ली असलेल्या कपाटात होता. दिपिकाने मोठ्या अक्षरांत कागद करून दिला. कॅप्सूल दिली की जिजा त्यावर खूण करायची, आणि आधीच्या खुणा पुन्हा मोजायची. जयरामने तिला नावाने हाक मारली नव्हती. मारील की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

मार्चातल्या एका सकाळी त्याने कॅप्सूल भाकरीच्या घासाबरोबर थुंकली, आणि ती अंगणात कोंबड्यांच्या पायांखाली गेली. दुसरी काढून द्यावी? थोडी पोटात गेली असेल का? मग ती घरात गेली आणि तिने विरारचा नंबर फिरवला. भूपेश अजून निघाला नव्हता.

"बोल, आई."

"आजची सकालची राह्यली," जिजा म्हणाली. "थुंकले. मी दुसरी नाय दिली."

पलीकडे बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," भूपेश म्हणाला. "डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत फोन करतो. तिथेच थांब."

जिजा फोनशेजारी जमिनीवर बसली आणि थांबली.